निशी-कसाईचे पुराणिक आणि आपले नागरिकत्व

दिनांक २१ एप्रिल २०१९ रोजी टोकियो शहराच्या एदोगावा विभागात विभागसभेची निवडणूक झाली. चव्वेचाळीस जागांच्या त्या सभेत मतांच्या अनुक्रमाने पाचवे आलेले सभासद म्हणजे श्री. योगेंद्र पुराणिक. महाराष्ट्रात जन्मलेले आणि पुणे विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ जपानात लोकांकडून निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे प्रतिनिधी ठरले. त्यांना ६,४७७ मते पडली. मराठी वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली आणि समाजबांधवांपैकी अनेकांनी ती आमच्याप्रमाणेच कौतुकाने वाचली असेल.

कौतुक ओसरल्यावर मात्र एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. पुराणिक ज्या वस्तीत वाढत्या नावलौकिकाने राहत होते त्या निशी-कसाईत भारतीयांची संख्या मोठी आहे. एदोगावा विभागात चार हजारांहून अधिक भारतीय त्या काळी राहत होते. परंतु जपानात परदेशी नागरिकाला स्थानिक निवडणुकीतसुद्धा मत देता येत नाही. म्हणजे त्यांना मिळालेली मते आपल्या माणसांची नव्हेत, ती जपानी शेजाऱ्यांची. शिवाय तेथील मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसतो, तर उमेदवाराचे नाव मतदाराने स्वतःच्या हाताने लिहावयाचे असते. सहा हजारांवर जपानी माणसांनी पेन्सिल हाती धरून ‘योगी’ ही दोन अक्षरे लिहिली. त्यांपैकी बहुतेकांनी पुणे पाहिलेले नसणार.

असे घडण्यापूर्वी त्या गृहस्थाला जपानी नागरिक व्हावे लागले होते. ते २०१२ मध्ये झाले. नागरिक होणे म्हणजे नेमके काय, हा विषय आपल्याही घरचा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम त्या वस्तीविषयी दोन शब्द. ‘निशी-कसाई’ हे नाव कानी पडताच कोकणातल्या आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडेल, आणि आमच्यातील कोणी विनोदी गृहस्थ तेथे शोहेत आहे काय असेही विचारील. वस्तुतः कसाई हे जुने गावनाव आहे. कात्सुशिका नावाच्या प्राचीन परगण्याचा पश्चिम भाग तो कसाई, आणि ‘निशी’ म्हणजेही पश्चिमच. आराकावा नदीच्या पूर्वेला भराव घालून वाढविलेल्या जमिनीवर मोठमोठ्या चाळवजा इमारती उभ्या राहिल्या आणि १९७९ मध्ये तोझाई मार्गावर आगगाडीचे स्थानक झाले. श्री. जगमोहन चंद्राणी हे चहाचे व्यापारी त्याच सुमारास तेथे येऊन राहिले. त्यांना तेथील भारतीयांचे आद्य रहिवासी मानतात. परंतु खरी वर्दळ सुरू झाली ती सन २००० च्या आसपास. संगणकांतील वर्षदर्शक दोन आकड्यांमुळे जगभर घबराट उडाली होती, तेव्हा बँकांना भारतीय अभियंते हवे झाले, आणि निशी-कसाईहून त्या बँकांच्या पेठेत गाडी न बदलता जाता येत असे. जपानी घरमालक परदेशी भाडेकरूला जामीन मागतो. सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत जामीन लागत नसे. वस्ती कशी वसते याची कारणे बहुधा अशीच साधी असतात. आपली माणसे लोद, रामले, दिमोना आणि बिअर शेवा येथेच का आढळतात, याचेही उत्तर घरवाटपाच्या कागदांतच सापडते.

आता जपानी कायदा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे परक्याने नागरिक व्हावयाचे तर एका जपानी कुटुंबात शिरावे लागे. लफ्कादिओ हर्न हा ग्रीक बेटावर जन्मलेला इंग्रजी लेखक १८९६ मध्ये पत्नीच्या कोइझुमी घराण्यात दाखल झाला आणि कोइझुमी याकुमो या नावाने जपानी प्रजाजन झाला. म्हणजे देशाचा दरवाजा घराच्या दरवाजातून होता. १८९९ मध्ये पहिला राष्ट्रीयत्वाचा कायदा झाला आणि शासनाकडे अर्ज करण्याची रीत आली. बंगालचे क्रांतिकारक रासबिहारी बोस इंग्रजांच्या हातून निसटून १९१५ मध्ये जपानात पोहोचले, टोकियोच्या एका पाव-मिठाईच्या दुकानदाराने त्यांना आपल्या घरात लपविले, त्याच घरची मुलगी त्यांनी केली, आणि १९२३ मध्ये ते जपानी नागरिक झाले. मात्र त्या जुन्या कायद्यात अशा नव्या नागरिकाला मंत्री किंवा संसदेचा सभासद होण्याची मनाई होती. दाखला मिळे, परंतु त्यावर एक अदृश्य मोहोर राही. महायुद्धानंतर १९५० मध्ये नवा कायदा आला तेव्हा ही मनाई गेली.

या दोन्ही कायद्यांचा पाया एकच होता, तो म्हणजे रक्त. जपानच्या भूमीवर जन्म झाल्याने कोणी जपानी होत नाही. निशी-कसाईच्या प्रसूतिगृहात जन्मलेले भारतीय आईबापांचे मूल भारतीयच राहते आणि भारतीय कायद्यानुसार एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी लागते. आणि हे रक्त १९८४ च्या अखेरीपर्यंत फक्त बापाचे मोजले जाई! आई जपानी आणि बाप परदेशी असेल तर ते मूल जपानी नव्हे, असा नियम होता. स्त्रियांविषयीचा भेदभाव नाहीसा करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर जपानने १९८० मध्ये सही केली, त्यामुळे कायदा बदलणे भाग पडले. १ जानेवारी १९८५ पासून आई किंवा बाप यांपैकी कोणीही जपानी असले तरी पुरते. पुढे २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडविली. जपानी बापाने जन्मानंतर आपले म्हणून मान्य केलेले, पण विवाहाबाहेर जन्मलेले मूल तोवर वगळले जात होते. हा भेद घटनेशी विसंगत आहे असा निकाल झाला आणि वर्षअखेरीच्या आत कायद्यात दुरुस्ती झाली.

वाचकहो, बापाची बाजू मोजणाऱ्या या जपानी नियमाकडे पाहताना आपल्याला आपली आजी-पणजी आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे आईची बाजू मोजतात, आणि तिच्यापायी आपल्या समाजाला जे सोसावे लागले ते पुढे सांगतो.

परक्या माणसाने जपानी नागरिक होण्याच्या अटी कायद्यात मोजक्याच आहेत. सलग पाच वर्षांचे वास्तव्य, प्रौढ वय, चांगले वर्तन, निर्वाहाचे साधन, राज्यघटना उलथून टाकण्याचा विचार न बाळगणे, आणि आधीचे नागरिकत्व सोडणे. जपानी माणसाशी विवाह झालेला असेल तर वास्तव्याची मुदत कमी होते. भाषेची परीक्षा कायद्यात कोठेही लिहिलेली नाही, परंतु अधिकारी प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांइतके लिहिता-वाचता यावे अशी अपेक्षा ठेवतात. खरे कष्ट कागदांचे. आईवडिलांच्या विवाहाचा दाखला, भावंडांची नोंद, कर भरल्याच्या पावत्या, घराच्या आसपासचा नकाशा, हे सारे जपानी भाषांतरासह, आणि त्यावर ‘मला जपानी का व्हावयाचे आहे’ हे स्वहस्ते लिहिलेले निवेदन. कोकणातील किंवा देशावरील एखाद्या ग्रामपंचायतीतून चाळीस वर्षांपूर्वीचा जन्माचा दाखला मिळविणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक! इतके करूनही नागरिकत्व हा अर्जदाराचा हक्क होत नाही, न्यायमंत्र्यांची ती मर्जी असते. मर्जी झाली की शासकीय राजपत्रात नाव छापले जाते आणि त्याच दिवसापासून माणूस जपानी होतो. कायद्यातील पाच वर्षांची मुदत थोडी आहे, कायम वास्तव्याच्या परवान्याला सामान्यतः दहा वर्षे लागत असताना नागरिकत्वाला पाचच का, असा सूर अलीकडे तेथे निघाला असून २०२५ मध्ये सरकारने अटी कडक करण्याच्या दिशेने पावले टाकण्यास आरंभ केला.

पुराणिक १९९७ मध्ये प्रथम विद्यार्थी म्हणून जपानात गेले, २००१ पासून नोकरीनिमित्त स्थायिक झाले, म्हणजे अर्ज मंजूर होईतो त्यांनी तेथे दहा वर्षांहून अधिक काळ काढला होता. त्याच २०१२ साली जपानी साहित्याचे अमेरिकन पंडित डोनाल्ड कीन हेही जपानी नागरिक झाले. आदल्या वर्षी मार्च महिन्यात भूकंप आणि समुद्राची लाट यांनी ईशान्य जपानची वाताहत केली होती. परदेशी माणसे देश सोडून जात असताना वयाच्या नव्वदीकडे झुकलेल्या या माणसाने तेथे कायमचे राहावयाचे ठरविले. त्यांच्या या निर्णयाने जपानी लोक फार हेलावले होते.

एक गोष्ट आम्हाला शिक्षक या नात्याने विशेष वाटली. विभागसभेनंतर पुराणिक २०२१ मध्ये टोकियोच्या महानगरसभेसाठी उभे राहिले आणि पडले. त्यानंतर इबाराकी प्रांताने सरकारी शाळांसाठी बाहेरच्या क्षेत्रांतून मुख्याध्यापक मागविले असता त्यांची निवड झाली. त्सुचिउरा येथील जुन्या, नामांकित माध्यमिक शाळेत २०२२ मध्ये ते उपमुख्याध्यापक आणि २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले. नागरिकत्वाचा दाखला नसता तर हे शक्य नव्हते. जपानात परदेशी नागरिकाला सरकारी शाळेत पूर्ण दर्जाचा शिक्षकदेखील होता येत नाही. १९९१ पासून पूर्णवेळ व्याख्याता म्हणून घेतात, वर्गात काम तेच असते, परंतु मुख्याध्यापकाच्या खुर्चीची वाट बंद असते. ज्यांनी शाळेत आयुष्य घालविले आहे त्यांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

याची झळ सर्वांत अधिक लागली ती जपानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोरियन लोकांना. कोरिया जपानच्या ताब्यात असताना हे लोक जपानी प्रजाजन होते. २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता-तह अंमलात आला आणि त्या दिवशी त्यांचे जपानी नागरिकत्व त्यांना न विचारता संपले. त्यांची मुले, नातवंडे जपानातच जन्मली, जपानीच बोलू लागली, परंतु कागदावर परकी राहिली. अर्ज करावा तर पूर्वी अधिकारी जपानी वळणाचे नाव घेण्याचा आग्रह धरीत. तशी सक्ती कायद्यात नव्हती, पण आग्रहच पुष्कळांना सक्तीसारखा वाटे. तो आग्रह १९८० नंतर ओसरला. पुराणिकांनी आपले आडनाव जपानी लिपीत जसेच्या तसे ठेवले आहे. स्थायी परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क देण्यास घटनेची आडकाठी नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले खरे, पण तसा कायदा झालेला नाही. या बाबतीत आपला इस्राएल अधिक उदार आहे असे आम्ही म्हणू. येथे कायम रहिवाशाला नगरपालिकेसाठी मत देता येते.

आता आपल्याकडे वळू. ५ जुलै १९५० चा परतीचा कायदा आणि १४ जुलै १९५२ पासून अंमलात आलेला नागरिकत्वाचा कायदा, या दोहोंमुळे आपल्याला काय करावे लागले? काहीच नाही. विमानातून उतरलो, ओले म्हणून नोंद झाली, आणि त्याच दिवशी नागरिक झालो. पाच वर्षे नाहीत, वर्तनाची चौकशी नाही, कोण्या मंत्र्याची मर्जी नाही, स्वहस्ते लिहिलेले निवेदन नाही. तीन महिन्यांत ‘मला नको’ असे कळविले तरच नागरिकत्व टळे. इतका सोपा प्रवेश जगात क्वचितच असेल, आणि तो मिळाल्याबद्दल परमेश्वराचे जितके उपकार मानावे तितके थोडेच. हाच कायदा परतीच्या वाटेने न आलेल्या माणसाला मात्र जवळजवळ जपानसारखाच वागवितो. पाचांपैकी तीन वर्षे वास्तव्य, थोडे हिब्रूचे ज्ञान, आणि जुन्या नागरिकत्वाचा त्याग. ज्यांच्या घरी परधर्मीय सून किंवा जावई आले आहेत त्यांनी मिसराद हपनिमच्या बाकड्यांवर किती सकाळी घालविल्या, ते त्यांनाच विचारावे.

परंतु दाखला त्या दिवशी मिळाला म्हणून आपण त्या दिवशी आपलेसे झालो काय? जुन्या मंडळींना आठवत असेल, किंवा घरात ऐकलेले असेल, की काम व घर यांबाबतच्या दुजाभावाने खचलेल्या आपल्यातील काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे भारतात परत पाठविली गेली. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा येथेच आली. ती परत गेली त्या वेळी नागरिकत्वाचा कायदा अंमलात यावयाचा होता. कोणत्या देशाचा कागद खिशात ठेवून ती मुंबईच्या बंदराची आठवण काढीत होती, याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

नंतर आले ते अधिक बोचणारे. १९६२ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने विवाह-नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना पाठविली. बेने इस्राएलांचा विवाह इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी आईच्या बाजूची पूर्वपीठिका जितकी मागे जाता येईल तितकी तपासावी, असा तिचा आशय होता. नागरिक म्हणून आपण मत देत होतो, सैन्यात मुले पाठवीत होतो, कर भरीत होतो. पण लग्नाच्या टेबलाशी आपल्या मुलीला पणजीचा दाखला मागितला जात होता. कोकणातल्या तेलाच्या घाण्यावर राबणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून जिला गाव ‘शनवार तेली’ म्हणे, त्या पणजीने कोणता लेखी दाखला ठेवला असेल? ती घाणा बंद ठेवी, हाच तिचा दाखला होता.

१९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे, बायकामुलांसह, यरुशलेममध्ये धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतची खास बैठक झाली आणि सरकारने निःसंदिग्धपणे जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, आणि वैयक्तिक बाबींतही त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीमंडळाने सूचनेतून आपल्या समाजाचे नाव काढले. १९५० च्या कायद्यापासून मोजली तर चौदा वर्षे झाली. निशी-कसाईच्या गृहस्थांनी दाखल्याआधी वर्षे काढली, आपल्या समाजाने ती दाखल्यानंतर काढली.

जुन्या नागरिकत्वाचे काय झाले, हा प्रश्न मात्र पुराणिकांचा आणि आपला सारखाच आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते की, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारा माणूस भारताचा नागरिक राहत नाही. इस्राएल परतीच्या वाटेने आलेल्याला जुना देश सोड असे म्हणत नाही, जपान म्हणतो, पण भारत दोघांनाही सारख्याच पद्धतीने हिशेबातून वजा करतो. पुढे भारत सरकारला ही दुरावलेली माणसे आठवली. १९९९ मध्ये भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी कार्ड निघाले, त्यानंतर २००५ च्या सुमारास परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणीची, म्हणजे ओसीआयची, योजना आली आणि २०१५ मध्ये दोन्ही एकत्र करण्यात आली. नाव नागरिकाचे असले तरी या कार्डाने मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. आयुष्यभर व्हिसाविना ये-जा करता येते, एवढा दिलासा पुष्कळ आहे.

याच भारतीय कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीविषयी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा समाजांच्या लोकांसाठी नागरिकत्वाची वाट सोपी करण्यात आली, त्यासाठी वास्तव्याची मुदत अकराऐवजी पाच वर्षे झाली. त्या सहांत यहुदी नाहीत. आता तिकडे यहुदी उरलेच कोठे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. कराचीतील आपल्या लोकांचे मागेन शालोम हे प्रार्थनामंदिरही १९८८ मध्ये पाडले गेले. तरी एकेकाळी तेथे राहिलेल्या आपल्या माणसांसाठी यादीत एक शब्द असता तर आम्हाला बरे वाटले असते.

आपल्या मुलांची अडचण निराळीच होती. परदेशी सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला ओसीआय मिळत नसे, आणि येथे तर अठराव्या वर्षी प्रत्येकाला गणवेश चढवावाच लागतो. जुलै २०१७ मध्ये भारताचे पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनी तेल अवीव येथे आपल्या लोकांसमोर भाषण करताना जाहीर केले की, सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही हे कार्ड मिळेल. त्या सभागृहात किती टाळ्या पडल्या ते ज्यांनी ऐकले त्यांना सांगावयास नको.

त्यानंतर आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका वृद्ध मावशींकडे त्यांचा नातू हा अर्ज भरण्यास आला. सैन्यातून सुटलेला, मराठी फक्त जेवणापुरती जाणणारा मुलगा. पूर्वज भारताचे नागरिक होते याचा पुरावा हवा होता. मावशींचे भारतीय पारपत्र कधीच हरवलेले. दोन संध्याकाळ पेटी उपसल्यावर शाळा सोडल्याचा दाखला निघाला. मोडीच्या वळणाचे देवनागरी अक्षर, जन्मगाव रोहे, जिल्हा कुलाबा. संगणकावरील यादीत कुलाबा सापडेना, कारण १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड आहे. आम्ही ‘रायगड’ वर बोट ठेवले तेव्हा मावशी म्हणाल्या, “मी रायगडात कशी जन्मेन? मी कुलाब्याची.” नातवाने आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याला हिब्रूत समजावून सांगितले की दोन्ही एकच आहेत, आणि मावशींना मराठीत सांगितले की सरकारने नाव बदलले आहे. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि मग म्हणाल्या, “बरं, लिही रायगड. पण त्या दाखल्याची नक्कलही सोबत पाठव.”